विरुद्ध औषध

दूध आणि मासळी एका जेवणात नको, मध गरम करू नको, रात्री दही नको. मराठी घरातली विरुद्ध अन्नाची ही यादी सहसा कुणी पुस्तकातून शिकत नाही. ती आजीकडून, सासूकडून, शेजारणीकडून न मागता पोचते. चरकसंहितेत विरुद्ध आहाराची चर्चा आहे. त्यातले किती नियम आजच्या कसोटीवर टिकतील हा वेगळा विषय. मला मोलाची वाटते ती त्यामागची मूळ कल्पना. एकेकटे निर्दोष असलेले दोन पदार्थ एकत्र आले की बाधू शकतात, हे आपल्या समाजाने फार पूर्वीच मान्य केले आहे.

आता त्याच घरातल्या ज्येष्ठांचा औषधांचा डबा उघडून पाहावा. रक्तदाबाच्या दोन गोळ्या, साखरेच्या दोन, कोलेस्टेरॉलची एक, थायरॉईडची एक, गुडघ्यांसाठी एक, पित्ताची एक, झोपेची एक. रक्तदाबाच्या गोळ्या फिजिशियनने दिलेल्या, गुडघ्यांची हाडांच्या डॉक्टरांनी, झोपेची कुणीतरी पूर्वी कधीतरी. शिवाय एखादे चूर्ण आणि जाहिरात पाहून आणलेले कॅल्शियम. यातले जवळजवळ प्रत्येक औषध एका जाणत्या माणसाने विचार करून लिहिलेले असते. पण डब्यात ती सगळी एकत्र आल्यावर एकमेकांशी काय करतात हे सांगणारी आजी या प्रांतात नाही.

मी डॉक्टर नाही, औषधशास्त्राचा पदवीधरही नाही. वाणिज्य शाखेतून शिकलो आणि पतसंस्थांचे हिशेब तपासण्यात उमेदीची वर्षे घालवली. नात्यातल्या वृद्धांच्या फायली सांभाळता सांभाळता या विषयाचा नाद लागला आणि गेली काही वर्षे मिळतील ती वैद्यकीय नियतकालिके शब्दकोश शेजारी ठेवून वाचत आलो. त्या वाचनातून एक गोष्ट पक्की झाली. म्हातारपणी औषधांमुळे होणारे पुष्कळसे नुकसान हे चुकीच्या औषधाने होत नाही. योग्य औषधांचा एकमेकांशी ताळमेळ कुणी घातलेला नसतो, म्हणून ते होते. हा लेख त्या ताळमेळाविषयी आहे.

‘रिपोर्ट नॉर्मल आहे’

सुरुवात शरीरापासून करू. आपण घेतलेले औषध शरीराबाहेर टाकण्याचे काम मुख्यतः दोन अवयव करतात, यकृत आणि मूत्रपिंड. मूत्रपिंड कसे चालले आहे हे रक्तातल्या क्रिएटिनिनवरून ओळखतात. आकडा साधारण १.० आला की घरचे निश्चिंत होतात. इथेच पहिली गफलत आहे.

क्रिएटिनिन तयार होते स्नायूंमध्ये. वय वाढते तसे स्नायू झिजतात, म्हणजे मुळात ते तयारच कमी होते. मूत्रपिंड मंदावलेले असूनही रक्तातला आकडा वाढलेला दिसत नाही, याचे कारण हे. पेढीत जमा कमी झाली आणि खर्चही तेवढाच घटला, तर शिल्लक पूर्वीइतकीच दिसते. धंदा बसला आहे हे शिलकीवरून कळत नाही. तसाच हा प्रकार.

कॅनडातले कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी १९७६ साली यासाठी एक सोपे सूत्र दिले. १४० मधून वय वजा करा, आलेल्या संख्येला किलोतल्या वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन या संख्येने भागा. स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. ५० किलो वजनाची, क्रिएटिनिन १.० असलेली ३० वर्षांची स्त्री घेतली तर उत्तर येते सुमारे ६५. वजन तेच, रिपोर्टही तोच, फक्त वय ८० धरले तर उत्तर येते सुमारे ३५. मिनिटाला इतके मिलिलिटर रक्त गाळले जाते, असा या आकड्याचा ढोबळ अर्थ. कागदावर दोघींचे मूत्रपिंड ‘नॉर्मल’, प्रत्यक्षात एकीची गाळणी दुसरीच्या जवळजवळ निम्म्याने चालते. मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारे औषध दोघींना सारखेच दिले, तर आजीबाईंच्या अंगात ते साठत जाणार.

दुसरा बदल चरबीचा. वयाबरोबर शरीरातले पाणी घटते आणि चरबीचे प्रमाण वाढते. चरबीत विरघळणारी औषधे तिथे दडून राहतात. झोपेसाठी आणि अस्वस्थतेसाठी वापरले जाणारे डायझेपाम हे याचे ठळक उदाहरण. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की अंगातले निम्मे डायझेपाम निघून जायला विशीतल्या माणसाला साधारण २० तास लागतात, तर ऐंशीतल्या माणसाला ९० तासांच्या आसपास. सोमवारी रात्री घेतलेली गोळी शुक्रवारी दुपारीही अर्धी शिल्लक, आणि दरम्यान रोज रात्री नवी गोळी पोटात गेलेली. पहाटे लघवीला उठताना आजोबांचा तोल का जातो, याचे उत्तर कित्येकदा या हिशेबात असते. मोडलेले खुब्याचे हाड म्हातारपणी नुसते हाड राहत नाही. अनेकांचे चालणेफिरणे तिथेच संपते.

जोड्यांचा अभ्यास

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ६५ वर्षांवरील नागरिकांच्या औषधांचा खर्च सरकार उचलते. त्यामुळे कुणी कोणत्या दिवशी कोणते औषध घेतले याची नोंद एका ठिकाणी सापडते, आणि ती रुग्णालयातल्या नोंदींशी जुळवता येते. डेव्हिड ज्यूरलिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ ते २००० या सात वर्षांच्या नोंदी जुळवून २००३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी तीनच जोड्या तपासल्या. तिन्ही आपल्याकडेही लिहिल्या जातात.

पहिली जोडी मधुमेहाचे ग्लिबेनक्लामाइड आणि लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिले जाणारे को-ट्रायमॉक्साझोल. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरून दाखल झालेल्यांनी आदल्या आठवड्यात हे प्रतिजैविक घेतलेले असण्याची शक्यता इतरांच्या सहापटींहून अधिक होती. त्यातला सल्फा घटक साखरेच्या गोळीला अंगातून लवकर जाऊ देत नाही. दुसरी जोडी हृदयाचे डिगॉक्सिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक. इथे प्रमाण सुमारे बारापट. तिसरी जोडी ‘प्रिल’ने नाव संपणारी रक्तदाबाची औषधे, म्हणजे एनालाप्रिल, रॅमिप्रिल वगैरे, आणि पोटॅशियम राखून ठेवणारी लघवीची गोळी. रक्तातले पोटॅशियम वाढून दाखल झालेल्यांमध्ये ही जोडी सुमारे वीसपट अधिक आढळली. पोटॅशियम फार वाढले तर हृदय बंद पडू शकते.

यातली कोणतीही गोळी वाईट नाही. तिसऱ्या जोडीची पुढची कथा तर फार बोलकी आहे. हृदय दुबळे झालेल्या रुग्णांना स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी दिली तर मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटते, असे १९९९ साली एका मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. बातमी चांगली होती, डॉक्टरांनी ती उचलली. २००४ साली ज्यूरलिंक यांच्याच गटाने पुढचा हिशेब मांडला. ओंटारिओत पोटॅशियम वाढल्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १९९४ मध्ये हजार रुग्णांमागे २.४ होते, ते २००१ मध्ये ११ झाले. चाचणीतल्या रुग्णांचे रक्त ठरलेल्या दिवशी तपासले जात होते, आणि मूत्रपिंड फार बिघडलेल्यांना चाचणीत घेतलेच नव्हते. बाहेरच्या जगात गोळी पोचली, तपासणीचे वेळापत्रक मागे राहिले.

अमेरिकेतून २०११ साली आलेला अभ्यास मला याहून महत्त्वाचा वाटतो. ६५ वर्षांवरच्या माणसांना औषधाच्या दुष्परिणामामुळे तातडीने दाखल करावे लागते, त्यात कोणती औषधे असतात? दोन तृतीयांश दाखल्यांच्या मागे चारच गट निघाले: रक्त पातळ करणारे वॉरफेरिन, इन्शुलिन, अॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलसारख्या गुठळी रोखणाऱ्या गोळ्या आणि साखरेच्या गोळ्या. वृद्धांना टाळावीत म्हणून तज्ज्ञांनी ज्यांवर ‘अधिक धोक्याची’ अशी खूण केली आहे, त्या औषधांचा वाटा जेमतेम १.२ टक्के. म्हणजे संकट येते ते बहुतेक वेळा रोजच्या, गरजेच्या, बंद करता न येणाऱ्या औषधांतून.

आपल्या स्वयंपाकघरालाही या हिशेबात धरावे लागते. मीठ कमी करायला सांगितले म्हणून कमी सोडियमचे मीठ आणतात. त्यातला सोडियमचा बराच भाग काढून पोटॅशियम घातलेले असते. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसोबत स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याला ते मीठ म्हणजे वरची तिसरी जोडी ताटातून वाढल्यासारखे आहे. याच्या उलट ज्येष्ठमध. ते रोज आणि भरपूर घेतले तर अंगातले पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. डिगॉक्सिन घेणाऱ्याला हे घातक ठरू शकते. थायरॉईडच्या गोळीपाठोपाठ कॅल्शियम किंवा लोहाची गोळी घेतली तर थायरॉईडचे औषध नीट शोषलेच जात नाही. दोहोंत चार तासांचे अंतर हवे. वॉरफेरिन किंवा असिनोकुमारॉल घेणाऱ्यांना पालेभाजी वर्ज्य नाही, पण तिचे प्रमाण स्थिर हवे. महिनाभर पालेभाजी बंद आणि मग श्रावणात रोज, असे झाले तर रक्ताच्या पातळपणाचा मेळ बिघडतो.

आणि सर्वांत नेहमीचा प्रसंग गुडघेदुखीचा. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन चालू, सोबत लघवीची गोळी, आणि त्यात दुकानातून न विचारता आणलेले डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन. तिघे मिळून मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळतात. उन्हाळ्यात, जुलाब-उलट्यांत, पाणी कमी पडलेले असताना हे त्रिकूट काही दिवसांत मूत्रपिंड बसवू शकते.

औषधावर औषध

पॉला रोशन आणि जेरी गुरविट्झ यांनी १९९७ साली एका वेगळ्या साखळीकडे लक्ष वेधले. औषधाचा दुष्परिणाम होतो. तो नवा आजार समजला जातो. त्या आजारासाठी दुसरे औषध सुरू होते. त्याचाही दुष्परिणाम होतो. अॅम्लोडिपिनने काहींच्या पायांवर सूज येते. ती उतरवायला लघवीची गोळी येते. मग रात्री चार वेळा उठणे, पोटऱ्यांत गोळे, कधी सोडियम घटून गोंधळल्यासारखे होणे. डायक्लोफेनॅकने रक्तदाब वाढतो आणि रक्तदाबाची आणखी एक गोळी वाढते.

आपल्याकडे चकरेसाठी सिनारिझीन आणि अर्धशिशीसाठी फ्लुनारिझीन फार वापरले जाते. काही दिवसांपुरते ठीक. पण ही औषधे मेंदूतल्या डोपामिनचे काम अडवतात. वृद्धांनी ती महिनोन् महिने घेतली तर हात थरथरणे, पाऊल घासत चालणे, चेहरा निर्विकार होणे अशी हुबेहूब कंपवाताची लक्षणे दिसू शकतात. १९८०च्या दशकापासून वैद्यकीय नियतकालिकांत हे नोंदले गेले आहे. माझ्या एका मावशीला सत्तरीनंतर चकरेची गोळी सुरू झाली आणि ती थांबवण्याचे कुणालाच सुचले नाही. दोनेक वर्षांनी हात कापू लागले. कंपवाताची गोळी सुरू झाली, तिने मळमळ, मळमळीला आणखी एक गोळी. मावशी म्हणायची, “अरे, मला भाकरी थापता येत नाही आता, सगळं म्हातारपणाचं.” पुढे एका मेंदूविकारतज्ज्ञाने सगळी पाकिटे टेबलावर ओतायला सांगितली, चकरेचे पाकीट बाजूला काढले आणि ‘हे केव्हापासून?’ एवढेच विचारले. गोळी थांबली. कंप जायला पाच-सहा महिने लागले. प्रत्येकाचा जातोच असे नाही, काहींना खरा कंपवात आतून सुरू झालेलाच असतो. मावशीचा गेला.

अमेरिकेत मार्क बीअर्स या वैद्यकाने १९९१ साली वृद्धांना शक्यतो टाळावीत अशा औषधांची यादी केली. तिची सुधारित आवृत्ती २०२३ साली निघाली. आयर्लंडमध्ये २००८ साली दुसरी अशी यादी तयार झाली. काय थांबवावे याबरोबर गरजेचे पण राहून गेलेले काय सुरू करावे हेही ती सांगते. दोन्ही उपयोगी आहेत. मात्र सिनारिझीन आणि फ्लुनारिझीन अमेरिकेच्या बाजारात नाहीत, त्यामुळे तिथल्या यादीच्या भरवशावर राहिलो तर आपल्या चकरेच्या गोळीपाशी ती गप्प बसते. आपला डबा आपल्यालाच वाचावा लागणार.

ताळमेळ

बँकेचे खाते आणि आपली रोजकीर्द यांतला फरक शोधून जुळवण्याला आम्ही हिशेबनीस ताळमेळ म्हणतो. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००५ पासून रुग्णाच्या औषधांबाबत नेमका हाच शब्द वापरायला सुरुवात केली. रुग्ण आत येताना, विभाग बदलताना आणि घरी जाताना त्याच्या आधीच्या औषधांची यादी आणि नवी यादी ओळीने जुळवायची, असा तो नियम. हे वाचले तेव्हा आपल्या धंद्यातला शब्द परगावी भेटल्यासारखे वाटले.

ओंटारिओत नोंदवही एकच असल्यामुळे त्या तीन जोड्या पकडता आल्या. आपल्याकडे २०११च्या जनगणनेत साठीपुढची माणसे १० कोटींहून अधिक होती, आणि त्यांतल्या बहुतेकांची नोंदवही म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी. फिजिशियनची फाइल वेगळी, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेगळी, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड तिसरीकडे. त्यात एकाच औषधाची अनेक ब्रँडनावे. रुग्णालयातून घरी येताना टेल्मिसार्टन एका नावाने मिळते, घरी ते दुसऱ्या नावाने आधीच चालू असते, आणि आजोबा प्रामाणिकपणे दोन्ही घेत राहतात. डॉक्टरांकडे प्रत्येकासाठी मोजकी मिनिटे असतात. मेडिकलवाला चिठ्ठी पाहतो, मागच्या चिठ्ठ्या त्याच्यासमोर नसतात. सगळी पाकिटे एकत्र येण्याचे ठिकाण एकच, आपले घर. म्हणून ताळमेळाची पहिली वही घरातच लिहिली गेली पाहिजे.

वही साधी आहे. एका कागदावर सहा रकाने आखावेत. औषधाचे मूळ नाव (ब्रँडनाव नव्हे, पाकिटावर दोन्ही असतात), मात्रा आणि वेळ, कशासाठी, कुणी दिले, केव्हा सुरू झाले, केव्हापर्यंत. चूर्णे, काढे, डोळ्यांत घालायचे थेंब, जीवनसत्त्वे, अधूनमधून घेतलेली दुखीची गोळी, सारे त्यात यावे. खाली दोन ओळी आणखी: ताज्या क्रिएटिनिनचा आकडा तारखेसह, आणि आजचे वजन. नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या अशा याद्या मी करून दिल्या आहेत. बहुतेक वेळा दोन रकाने कोरे राहतात, ‘कशासाठी’ आणि ‘केव्हापर्यंत’. ज्या गोळीपुढे ‘कशासाठी’ कोरे आहे तिच्यापासून डॉक्टरांशी बोलणे सुरू करावे.

बोलणे हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. यादी पाहून स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे हा तितकाच मोठा धोका आहे. हृदयाचा वेग आवरणाऱ्या मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या, झोपेची जुनी गोळी, फिट्सचे औषध, स्टेरॉईड ही अचानक तोडली तर गंभीर परिणाम होतात. ती पायरीपायरीने उतरवावी लागतात. आणि गरजेची रक्तदाबाची गोळी भीतीपोटी सोडून अर्धांग ओढवून घेतलेली माणसेही आपल्या पाहण्यात असतात. कमी गोळ्या हे उद्दिष्ट नव्हेच. प्रत्येक गोळीला चालू राहण्याचे कारण असावे, इतकेच म्हणणे आहे.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही फार नाहीत. यांचे वय आणि मूत्रपिंड पाहता हीच मात्रा ठेवायची का? हे नवे औषध आधीच्या कशाशी बिघडते का? रक्त केव्हा तपासायचे? हे थांबवायचे केव्हा? आणि नवे लक्षण दिसले की सर्वांत आधीचा प्रश्न, हे एखाद्या गोळीमुळे तर होत नसेल? बहुसंख्य डॉक्टर नीट लिहिलेली यादी पाहून सुखावतात असा माझा अनुभव आहे. एखादा दुष्परिणाम झालाच, तर त्याची नोंद सामान्य माणूसही करू शकतो. देशात औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा सरकारी कार्यक्रम २०१० पासून आहे. त्याचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४.

दिवाळीला पुण्या-मुंबईची, परदेशातली मुले घरी येतात. फराळ होतो, फोटो होतात, आईबाबांची तब्येत ‘ठीक’ असल्याचे सांगितले-ऐकले जाते. त्यातली एक दुपार काढावी. औषधांची पिशवी, उशाखालची पाकिटे, फ्रीजच्या दारातल्या बाटल्या, देवघरामागे ठेवलेले चूर्ण असे सगळे पलंगावर मांडावे. मुदत संपलेले वेगळे करावे. सातवी-आठवीतल्या नातवाला पाकिटांवरची मूळ नावे वाचायला लावावीत, आजीने ‘ही कशाची’ ते सांगावे, आणि सुनेने किंवा मुलाने लिहून घ्यावे. तासाभराचे काम आहे. कागदाच्या तीन प्रती कराव्यात: एक फ्रीजवर, एक आजीच्या पाकिटात, एक मुलाच्या फोनमध्ये. भाऊबीज झाल्यावर त्यातली एक घेऊन डॉक्टरांची वेळ घ्यावी.